मेस्त्री प्रूफ घेऊन वर यायचे

माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या भटवाडीच्या चाळीत नळावर भांडण पेटलं की बायका म्हणायच्या, नलिनी पेडणेकर येतेय, आटपा लवकर. हीच जीभ घेऊन मी चौदा वर्षं एका प्रकाशनात नोकरी केली. तिथे माझं कुणाशी पटलं नाही असं नाही, पण जपून राहायचे सगळे. एक गुणाजी मेस्त्री सोडून. त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

प्रकाशन लहान मुलांचं. घाटकोपर पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीन मजली गाळा होता. तळाला छपाईचं मशीन, पहिल्या मजल्यावर बाइंडिंग, दुसऱ्यावर आम्ही ऑफिसवाले. मालक चंद्रप्रकाश शेठ. त्यांनी एकच धंदा धरून ठेवला होता, रानातल्या प्राण्यांची चित्रांची पुस्तकं, चार ते सात वर्षांच्या पोरांसाठी. पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. हा सांबर, हा दाट झाडीच्या कडेला राहतो. ही सुसर, हिला नदीचा संथ काठ आवडतो. दलदलीतले प्राणी, वाळवंटातले, बर्फातले, सह्याद्रीतले. ओळी एक रिटायर्ड शाळामास्तर लिहून द्यायचे आणि चित्रं सगळीच्या सगळी मेस्त्रींची. पुस्तकावर त्यांचं नाव कुठेच नसायचं. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, शेठना सांगा की. तर म्हणाले, पोरं काय नाव वाचतत?

आता तेव्हा रंगीत चित्र कसं छापायचे ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मेस्त्री रंगात चित्र काढायचेच नाहीत. एका चित्राच्या चार फिल्मा, चारही काळ्या शाईने काढलेल्या. एक पिवळ्याची, एक लालची, एक निळ्याची, एक काळ्याची. निळ्याच्या फिल्मेवर जिथे काळं असेल तिथे मशीन निळा रंग लावणार, लालच्या फिल्मेवर जिथे काळं तिथे लाल. पिवळ्यावर निळा बसला की पान हिरवं होतं, पिवळ्यावर लाल बसला की केशरी, पुरा बसला तर लालभडक. वाघाच्या अंगाला पिवळा पुरा आणि लाल चाळीस टक्के, हे मेस्त्रींना तोंडपाठ. खाली ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावर वाकून ते दिवसभर काळ्या शाईत वाघ, हरणं आणि मोर काढत असायचे. टेबलावर रंगाची एक डबी नव्हती.

त्या फिल्मा मग माझ्याकडे यायच्या. मी त्या मोठ्या कागदावर पानापानाने जागच्या जागी चिकटवायची, त्याला आम्ही पेस्टिंग म्हणायचो. त्यावरून प्लेटा, प्लेटांवरून एक नमुन्याचा ताव, तो म्हणजे प्रूफ. प्रूफ चित्रकाराने बघायचं, रंग बरोबर असतील तर सही करायची. सही झाली की मशीन सुटलं, पाच हजार ताव धडाधड बाहेर.

मेस्त्री मूळचे कुडाळकडचे. मुंबईत तीस वर्षं काढली तरी बोलताना गावचं बोलणं मध्येच डोकवायचं. मुलुंडला एका बैठ्या चाळीत एकटे राहायचे. तरुणपणी रेल्वेत लागणार होते, लग्नही त्या नोकरीच्या भरवशावर ठरलं होतं. रेल्वेच्या डॉक्टरने मेडिकलला नापास केलं, नोकरी गेली आणि मुलीकडच्यांनी नारळ परत पाठवला. कशात नापास झालात म्हणून विचारलं तर उठून पाणी प्यायला जायचे. पुढे लालबागच्या एका लिथो छापखान्यात हात बसला, तिथून आमच्याकडे. रविवारी बोरीवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन बसायचे, वही घेऊन. डबा स्वतः करून आणायचे, भात आणि कसलं तरी कालवण, आणि आपल्या टेबलाशीच भिंतीकडे तोंड करून खायचे. कुणी बोलावलं तर हसायचे, यायचे नाहीत.

मी कामाला लागले त्या वर्षीची गोष्ट. एक दिवस दुपारी ते दोन जिने चढून प्रूफ घेऊन वर आले. माझ्या टेबलाशी स्टूल ओढलं, ताव पसरला आणि म्हणाले, "बाई, जरा बघशात? कसा दिसता ता सांगा."

मला वाटलं, नवीन बाई म्हणून परीक्षा घेतायत. मी म्हटलं, छान आहे. तर म्हणाले, छान नको, दिसतं ते सांगा. मग मी माझ्या पद्धतीने सांगितलं. मी काय कलावंत नाही, मला स्वयंपाकघर ठाऊक. म्हटलं, मागची झाडी शिजलेल्या मेथीसारखी झालीय, मरगळलेली. वाघ बरा आहे, पण त्याचं पोट ताकासारखं पाहिजे ते दुधावरच्या सायीसारखं पिवळट आलंय. आणि हे फूल कोकमाच्या आगळासारखं दिसतंय, फुलाला एवढा काळपट लाल बरा नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. मग वहीत काहीतरी टक्के लिहिले, ताव गुंडाळला, गेले. दुसरं प्रूफ आलं तेव्हा झाडी टवटवीत, पोट ताकाचं, फूल हलकं. मी चाटच पडले.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा मेस्त्री प्रूफ घेऊन वर यायचे. मी सांगायची, ते ऐकायचे. अर्धा तास जायचा कधी. मी मोराची मान सांगताना माझ्या आईच्या एका पैठणीपर्यंत जायची, ती कशी वाहून गेली इथपर्यंत, आणि हा माणूस ऐकून घ्यायचा. त्यांनीही मला पुष्कळ सांगितलं. चितळ कान कसे टवकारतं, बिबळ्या फांदीवर झोपला की त्याचे पाय दोन्ही बाजूंना कसे लोंबतात, पाणकोंबडी उघड्या पाण्यात का येत नाही. प्राणी त्याच्या जागेत दाखवला नाही तर पोरांना खोटं शिकवल्यासारखं होतं, असं म्हणायचे. वाघ आणि सिंह एका पानावर काढा म्हणून शेठ एकदा मागे लागले होते, पोरांना मजा वाटेल म्हणून. मेस्त्रींनी आठ दिवस त्या पानाला हात लावला नाही. शेवटी शेठनीच सोडून दिलं.

माझ्या घरी काय होतं? दोघे भाऊ लग्नं करून डोंबिवलीला गेलेले, आई नव्हती, मी आणि आप्पा. आप्पा गिरणीतून निवृत्त होऊन खाटेला लागलेले. घरी मी दिवसभरात जे बोलायची ते औषध, आंघोळ, जेवण एवढंच, आणि नळावर शिव्या. कुणी मला सांग गं म्हणून बसलेलं मला आठवत नव्हतं. वय अडतीस, चाळीस. प्रूफ येणार असेल त्या दिवशी मी बरी साडी नेसायला लागले, हे आमच्या ऑफिसातल्या अनुपमाने बरोबर हेरलं. टायपिस्ट होती, बावीस वर्षांची, डोळे चौफेर. आज मेस्त्रींचं प्रूफ वाटतं, म्हणायची, आणि मी तिला झापायची. पण मनातून मला बरं वाटायचं. मला वाटत होतं की ते माझ्यासाठी वर येतात.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत ऑफिसची सहल बोरीवलीच्या पार्कात गेली. पुरीभाजी, गाण्याच्या भेंड्या वगैरे झाल्यावर मेस्त्री हळूच म्हणाले, बाई, चला, एक दाखवतो. जरा आत, सुकलेल्या पाचोळ्यापाशी थांबले आणि म्हणाले, रातवा बसलाय, बघा. मी बघते तर नुसता पाचोळा. कुठे? तिथेच. अहो कुठे? दोन हातांवर होता म्हणे. मी डोळे फोडून बघतेय आणि मला दिसेना. अनुपमा आली, तिला दिसेना. मशीनवरचा शिवदास आला, त्यालाही नाही. शेवटी मेस्त्रींनी माझं मनगट धरलं, बोट नेमकं तिकडे वळवलं आणि मला एकदम एक मिटलेला डोळा दिसला, मग चोच, मग सबंध पक्षी. पाचोळ्याच्याच रंगाचा. बाकीच्यांना पाचोळा दिसतो आणि यांना पक्षी दिसतो, म्हणजे केवढी नजर, असं मी त्या दिवशी घरी येऊन आप्पांना सांगितलं. मनगटाचं नाही सांगितलं.

आता पंच्याऐंशीचा डिसेंबर. झाडांवरच्या पक्ष्यांचं पुस्तक चाललं होतं. नाताळच्या सुट्टीआधी शाळांच्या प्रदर्शनात ते हवं होतं, त्यामुळे शेठ सगळ्यांच्या मानगुटीवर. त्यात चार तारखेला आप्पांना छातीत दुखायला लागलं, शेजारच्या वनमालाकाकींनी त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि मला ऑफिसात फोन केला. माझ्यासमोर शेवटचं पान उरलं होतं, पोपटांचं. उंबराच्या झाडावर पोपटांचा थवा, सबंध पान पानांनीच भरलेलं, आभाळ म्हणून कुठे नाही. मी घाईघाईत त्या चार फिल्मा चिकटवल्या आणि पळाले.

चार दिवस मी हॉस्पिटलात होते. सहा तारखेला प्रूफ निघालं. आमचा शिवदास दर सहा डिसेंबरला बाबासाहेबांना वंदन करायला दादरला जायचा, त्याची ती सुट्टी ठरलेली. म्हणून त्या दिवशी मशीनवर बाहेरचा माणूस आणला होता. त्याने प्रूफ मेस्त्रींपुढे ठेवलं, मेस्त्रींनी सही केली, मशीन सुटलं.

आठ तारखेला आप्पांना घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर आले. तासाभरात शेठ तो ताव घेऊन वर आले आणि माझ्या टेबलावर आपटला. पोपट लाल. सगळेच्या सगळे लालभडक, आणि झाडही लाल, आणि त्यात पोपटांच्या चोची हिरव्यागार. मी एका नजरेत ओळखलं काय झालंय ते. लालची आणि निळ्याची फिल्म मी उलटसुलट चिकटवली होती. फिल्मांच्या कोपऱ्यात मेस्त्रींच्या अक्षरात 'ला' आणि 'नि' लिहिलेलं असायचं, मी ते वाचलंच नव्हतं.

शेठ ओरडत होते, की पाच हजार ताव रद्दीत, प्रदर्शन गेलं, आता बोला, कुणाचं काम हे? सगळे गोळा झाले. मेस्त्रींनाही खालून बोलावलं होतं, ते दाराशी उभे होते. मी सरळ म्हणायला हवं होतं, शेठ, चूक माझी, माझ्या बापाच्या छातीत दुखत होतं. एवढं म्हटलं असतं तर शेठ चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण सगळ्यांसमोर माझा पाणउतारा होतोय म्हटल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, पेस्टिंगचं राहू दे, प्रूफवर सही कुणाची आहे ते बघा आधी. लाल पोपट आणि लाल झाड समोर ठेवून हे सही करतात? यांना डोळे नाहीत?

बोलले आणि बोलता बोलताच मला सगळं कळलं. रेल्वेची मेडिकल. टेबलावर रंगाची एक डबी नाही ते. दिसतं ते सांगा, दिसतं ते सांगा, अकरा वर्षं. म्हणजे हा माणूस माझ्यासाठी येत नव्हता. माझ्या डोळ्यांसाठी येत होता. आंधळ्याने काठी धरावी तशी मला धरली होती, आणि मी मेली बऱ्या साड्या नेसत होते. मला इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेचा इतका राग आला, की मी ड्रॉवर उघडून करेक्शनच्या दोन पेन्सिली काढल्या, एक लाल, एक हिरवी, आणि त्यांच्यासमोर धरल्या.

"मेस्त्री, यातली लाल कुठली ते सांगा."

नऊ-दहा माणसं उभी होती. मेस्त्रींनी एकदा पेन्सिलींकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं मी हात खाली घेईन म्हणून ते थांबले होते. मी घेतला नाही.

"माका नाय कळत, बाई," ते म्हणाले.

अनुपमा फिस्सकन हसली. बाइंडिंगवाल्या बायकाही हसल्या. रंगांची पुस्तकं काढणारा माणूस आणि त्याला लाल-हिरवा कळत नाही, हसण्यासारखंच होतं ते. माझं तोंड काही थांबलं नाही, मी वर आणखी म्हटलं की अकरा वर्षं तुम्ही मला फसवलंत. ते शेठकडे वळून फक्त म्हणाले, सही माझी आहे, चूक माझी. माझ्या पेस्टिंगचं नाव काढलं नाही. फिल्मा त्यांच्याच होत्या, कोपऱ्यातली अक्षरं त्यांचीच, कशामुळे काय झालं ते माझ्याइतकंच त्यांना माहीत होतं.

शेठ व्यवहारी माणूस. दोन दिवस धुसफुसले, मग म्हणाले, या माणसासारखी फिल्म मुंबईत कोण काढतं? राहू दे. फक्त यापुढे प्रूफवर सही नलिनीबाईंची.

झालं. कुणाची नोकरी गेली नाही, काही नाही. मेस्त्री तळमजल्यावर, मी दुसऱ्यावर, आणखी तीन वर्षं. पण ते परत कधी वर आले नाहीत. प्रूफ शिपाई घेऊन यायचा. मी चिठ्ठी लिहून पाठवायची, पानात लाल दहा टक्के कमी, आभाळात निळा पाच जास्त. ते तसं करून द्यायचे, तंतोतंत. जिन्यात समोर आले की कडेला उभे राहून मला वाट द्यायचे, पूर्वी द्यायचे तशीच. मी एकदा मनाचा हिय्या करून खाली गेले होते. ते उठून उभे राहिले, काय हवं बाई, म्हणाले. ते परक्यासारखं उभं राहणं बघून मी काहीतरी फिल्मेचं विचारलं आणि परत आले. माफी मागायची मला सवय नव्हती, जन्मात कुणाची मागितली नव्हती.

शहाऐंशीत आप्पा गेले. मेस्त्री स्मशानात आले होते असं भावाने सांगितलं, पुरुषांत मागे उभे होते, कुणाशी न बोलता गेले. त्यानंतर घरी मी कुणाशीच बोलायची नाही. नळावरही कुणी भांडेना, बापडी एकटी आहे म्हणून. संध्याकाळी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, स्टोव्ह पेटवायचा. कधी कधी भाजी चिरताना मी तोंडाने म्हणायची, हा टोमॅटो बघा कसा झालाय, मिरजेच्या कुंकवासारखा. आणि मग माझाच मला राग यायचा.

अठ्ठ्याऐंशीत शेठनी फिल्मा बाहेरून करून आणायचं ठरवलं. फोर्टात एकाने स्कॅनर आणला होता. रंगीत चित्र त्यात घातलं की चार फिल्मा आपोआप बाहेर. हाताने काढायची गरज संपली, आता रंगात रंगवून देणारा चित्रकार हवा, आणि ते मेस्त्रींच्या हातचं नव्हतं. शेठ वाईट वागले नाहीत. हातातलं पुस्तक पुरं करा आणि मग गावी जा, असं ठरलं. पुस्तक सह्याद्रीच्या जंगलाचं होतं.

शेवटच्या पानाचं प्रूफ शिपायाच्या ऐवजी शिवदास घेऊन आला. ताव ठेवून गेला नाही, तिथेच घुटमळला. शिवदास माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण मला न घाबरता बोलणारा. म्हणाला, "ताई, उद्या मेस्त्री चाललेत. एक बोलू? मला पहिल्यापासून माहीत होतं त्यांच्या डोळ्यांचं."

मी म्हटलं, पहिल्यापासून म्हणजे कधी?

तर तो सांगायला लागला. तुम्ही लागायच्या आधीपासून. शाई मीच भरतो, मला नाही कळणार? तुम्ही यायच्या आधी प्रूफ निघालं की मीच मशीनपाशी त्यांना सांगायचो, इथे हिरवा जास्त, इथे लाल कमी. दोन मिनिटांचं काम. मग तुम्ही आलात. त्यांनी तुमच्याकडून एकदा ऐकलं आणि तिथून पुढे ते वरच यायला लागले. मी म्हणायचो, मेस्त्री, कशाला दोन जिने चढता, मी आहे ना इथे? तर म्हणायचे, तू रंग सांगतोस रे. ती सांगते तेव्हा माका दिसता.

शिवदास गेल्यावर अनुपमाने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मग मी तो ताव उचलला आणि खाली उतरले.

मेस्त्री टेबल आवरत होते. बोरूच्या पेना, ब्रश, वह्या एका पिशवीत भरत होते. मला बघून उठायला लागले, मी म्हटलं, उठू नका. कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आणि काचेवर ताव पसरला. पानावर शेकरू होतं, मोठी रानखार, उंच झाडाच्या फांदीवर.

मी न विचारताच सांगायला लागले. म्हटलं, मेस्त्री, पाठ बघा, जुन्या चिंचेचा गोळा मीठ लावून ठेवतात ना, तशी आहे, काळपट, पण उन्हाला धरली तर आत लाल. पोट नाचणीच्या आंबिलासारखं. तोंडाकडे जरा फिकट होत गेलंय, कानाच्या मागे मात्र पुन्हा चिंच. झाड कोवळ्या अळूच्या पानाचं, आणि खालची सावली त्याच अळूची, फदफदं करून झाल्यावरची. तीन वर्षांत मी एवढं सलग कुणाशी बोलले नव्हते. ते मान खाली घालून ऐकत होते.

माझं संपलं तेव्हा ते म्हणाले, "शेपूट राहिला, बाई."

मी शेपूट सांगितलं. चुलीतल्या निखाऱ्यावर राख धरते तसं, टोकाला फिकट आणि बुडाशी तांबूस. मग मी म्हटलं, मेस्त्री, पोपटांचं पान माझ्याकडून चुकलं होतं. मी तुमची अक्षरं न वाचता चिकटवलं. आणि ते लपवायला तुम्हाला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. तीन वर्षं मला हे बोलता आलं नाही.

ते पिशवीचं तोंड सुतळीने बांधत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "म्हायत आसा. शिवदास नव्हतो त्या दिवशी, पण खालच्या चहावाल्याक दाखवला असता तरी त्याना सांगितला असता. तुमच्या हातचा पान होता म्हणान मी कोणाक दाखवूक नाय."

मी तिथेच बसून रडले. चाळीशी उलटलेली बाई, मशीनवरची माणसं बघतायत, अनुपमा जिन्यातून वाकून बघतेय, बघू दे म्हटलं. मेस्त्रींनी मला रडू दिलं. मी रडत रडतच विचारलं की जाऊ नका, राहता का इथे, मी आता एकटीच असते. कसं विचारलं देव जाणे, पण विचारलं. ते म्हणाले, खोली सोडलीय, भाऊ एष्टी स्टँडवर घ्यायला येणार आहे. आणि मग म्हणाले की बाई, तीन वर्षांपूर्वी तुम्ही एकदा खाली आला होतात, तेव्हा बोलला असतात तर.

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी प्रूफवर सही केली, ताव शिवदासकडे दिला आणि वर गेले. पाच मिनिटांत मशीन सुरू झालं.